एकाच वाणाचा सीमावर्ती जिल्हा : लखीमपूर खेरीतील ऊस, पूर आणि कीड

लखनौच्या अलीगंज वसाहतीच्या पश्चिम अंगाने सीतापूर रस्ता उत्तरेकडे जातो. सीतापूर ओलांडले की दोन्ही बाजूंना उसाची शेते दाटू लागतात आणि अलीगंजपासून सुमारे १३० किलोमीटरवर लखीमपूर हे जिल्ह्याचे ठिकाण लागते. तेथून आणखी शंभरेक किलोमीटर गेल्यावर दुधव्याचे जंगल पार करून गौरीफंटा येथे भारताची हद्द संपते. पलीकडे नेपाळचे धनगढी शहर आहे. लखीमपूर खेरी हा क्षेत्रफळाने उत्तर प्रदेशातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्र ७,६८० चौरस किलोमीटर आहे.

मराठी वाचकाला या आकड्याचा अंदाज येण्यासाठी कोल्हापूर जिल्हा डोळ्यांसमोर आणणे सोयीचे ठरेल. दोहोंचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार खेरीची लोकसंख्या ४० लाखांच्या किंचित वर, तर कोल्हापूरची ३९ लाखांच्या जरा खाली होती. दोन्ही जिल्हे सीमेवरचे, उसाचे आणि पुराचे आहेत. साम्य मात्र येथेच संपते. त्याच जनगणनेत कोल्हापूरची साक्षरता ८१ टक्क्यांच्या पुढे होती, तर खेरीची जेमतेम ६१ टक्क्यांच्या आसपास. कोल्हापुरात दर तीन माणसांमागे जवळपास एक शहरात राहत होता. खेरीत दहापैकी नऊ माणसे खेड्यात होती. सारखी जमीन, सारखे पीक आणि जवळपास सारखीच माणसे असताना एवढी तफावत का पडली, याची कारणे इतिहासात, नद्यांत आणि बाजारव्यवस्थेत विखुरलेली आहेत. त्यांतील एक कारण मात्र प्रत्यक्ष शेतात उभे आहे, आणि ते म्हणजे सगळ्या जिल्ह्याने एकाच पिकावर आणि त्या पिकाच्या एकाच वाणावर टाकलेला भार.

नद्यांचा प्रदेश

खेरी हा तराईचा जिल्हा. हिमालयातून उतरलेल्या नद्या सपाटीवर येताच आपला गाळ टाकतात, पात्र उथळ करतात आणि नवी वाट शोधतात. नेपाळमध्ये महाकाली म्हणून ओळखली जाणारी नदी येथे शारदा होते आणि कर्णाली ही घाघरा होते. मोहाना नदी काही अंतर सीमेची रेषाच बनून वाहते. सुहेली, उल्ल, कठना आणि पश्चिमेकडील गोमती या तुलनेने शांत नद्या आहेत. शारदा तशी नाही. तिच्या जुन्या पात्राला आजही चौका असे वेगळे नाव आहे. एकाच नदीला दोन नावे पडावीत इतकी ती सरकली आहे.

पलिया, निघासन आणि धौरहरा या तहसिलींत पुराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक धसका घेतला जातो तो काठ खचण्याचा. त्याला तेथे ‘कटान’ म्हणतात. पुराचे पाणी ओसरते आणि मागे गाळ ठेवून जाते. कटानीत मात्र जमीनच जाते. सातबाऱ्यावर, म्हणजे तिकडच्या खतौनीवर, नाव राहते आणि शेत नदीत असते. पुढे नदी सरकून वाळूचा पट्टा वर आला, तरी मूळ मालकाची हद्द ओळखता येत नाही. भूमापनाचे आणि महसुलाचे कित्येक वाद याच वाळूत रुतलेले आहेत.

या नद्यांच्या नियमनाचा प्रश्न एकट्या भारताच्या हातात नाही. १९९६ मध्ये भारत आणि नेपाळ यांच्यात महाकाली करार झाला. त्यातील पंचेश्वर धरण अद्याप उभे राहिलेले नाही. दरम्यान खेरीतील शारदा बंधाऱ्यातून शारदा सहायक कालवा निघतो आणि घाघरेवरील गिरिजा बंधाऱ्याचे पाणी जोडकालव्याने त्यात आणले जाते. हे पाणी पुढे दूरवरच्या जिल्ह्यांना भिजवते. पूर ज्या जिल्ह्याच्या वाट्याला येतो, त्या जिल्ह्यातून पाणी पुढे जाते, ही तेथील शेतकऱ्यांची जुनी बोच आहे.

डास, थारू आणि साखर

तराईचा उत्तर भाग शेतीखाली उशिरा आला, आणि त्याचे मुख्य कारण एक कीटक होता. दाट जंगल, वाहते ओढे आणि दमट हवा यांत अॅनॉफिलिस मिनिमस या डासाची पैदास होत असे आणि बाहेरून आलेला माणूस हिवतापाने पहिल्या दोन पावसाळ्यांतच खचत असे. थारू समाज मात्र येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला. या समाजात आल्फा थॅलसेमिया या रक्तदोषाचे प्रमाण फार मोठे असून हिवतापापासून मिळणाऱ्या संरक्षणाशी त्याचा संबंध असल्याचे आनुवंशिकीच्या अभ्यासांत दिसून आले आहे.

१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली आणि भिंतीवर विसावणारा हा डास तराईच्या मोठ्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. डीडीटीचे पुढचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. तरीही तराईचा आजचा नकाशा एका कीटकनाशकाने आखला, हे नाकारता येत नाही. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली कुटुंबे येथे वसली, जंगल तोडून मोठी शेते निघाली आणि पूर्व उत्तर प्रदेशातूनही लोक आले. थारू मात्र आपल्याच भूमीत काठावर ढकलले गेले. १९६७ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. १९७७ मध्ये दुधवा राष्ट्रीय उद्यान झाले आणि जंगलातील लाकूडफाटा, गवत, मासे यांवरचे त्यांचे परंपरागत हक्क आकसत गेले.

जिल्ह्याचा दक्षिण आणि पश्चिम भाग आधीपासूनच लागवडीखाली होता. तेथील गोला गोकर्णनाथ या तीर्थक्षेत्री साखर कारखाना उभारला तो वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी. १९३१ मध्ये हिंदुस्थान शुगर मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी परदेशी साखरेवर संरक्षक कर बसवणारा कायदा आला. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये कारखान्यांची रांग लागली, ती या कायद्याच्या आधाराने. आज खेरी जिल्ह्यात नऊ साखर कारखाने असून त्यांतील बेलरायां आणि संपूर्णानगर हे दोन सहकारी, तर उरलेले सात खासगी आहेत.

उसाकडे ओढणारे अर्थकारण

शेतकरी ऊस का लावतो, याचे उत्तर खेरीत दोन शब्दांत मिळते: पूर आणि पर्ची. गुडघाभर पाण्यात काही दिवस उभे राहून पुन्हा वाढीला लागणारी पिके मोजकीच. डाळी, तेलबिया, भाजीपाला एका पुरात संपतात. ऊस लोळतो, पिवळा पडतो, पण बहुधा मरत नाही. पर्ची म्हणजे कारखान्याला ऊस घालण्याची चिठ्ठी. प्रत्येक कारखान्याला गावे राखून दिलेली असतात, शेतकऱ्याच्या क्षेत्राची नोंद होते आणि ठरलेल्या दिवशी ठरलेला ऊस खरेदी केंद्रावर न्यायचा असतो. आता ही चिठ्ठी भ्रमणध्वनीवर येते. बाजारात भाव पडला, आडत्याने फसवले, गाडी मिळाली नाही, या चिंता उसाला नाहीत.

महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला ही व्यवस्था काहीशी अनोळखी वाटेल. आपल्याकडे कारखाना तोडणी-वाहतूक करतो, टोळ्या येतात आणि त्याचा खर्च दरातून वजा होतो. दर ठरतो तो केंद्राच्या रास्त व किफायतशीर भावाने, म्हणजे एफआरपीने, आणि तो कारखान्याच्या साखर उताऱ्याशी बांधलेला असतो. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला तो प्रतिक्विंटल ३४० रुपये होता. उत्तर प्रदेशात तोड शेतकरी स्वतः किंवा गावातील मजुरांकडून करून घेतो, आणि दर राज्य सरकार ठरवते. तो उताऱ्यावर अवलंबून नसतो. वाणाच्या वर्गावर असतो. २०२१-२२ मध्ये लवकर पक्व होणाऱ्या वाणांना ३५०, सर्वसाधारण वाणांना ३४० आणि शिफारस नसलेल्या वाणांना ३३५ रुपये दर होता.

या रचनेचा परिणाम बारकाईने पाहण्याजोगा आहे. उतारा वाढला तर लाभ कारखान्याचा. टन वाढले तर लाभ शेतकऱ्याचा. दोघांनाही एकाच वेळी खूश करणारा वाण आला, तर त्याला अडवणारे कोणीच उरत नाही. असा वाण २००९ मध्ये आला.

को ०२३८

कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेच्या कर्नाल येथील प्रादेशिक केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी हा वाण विकसित केला. त्याचे एक पालक वाण को-एल-के ८१०२. त्यातील ‘एल-के’ ही अक्षरे लखनौची. को ०२३८ लवकर पक्व होतो, जाड कांडीचा आहे, खोडवा चांगला देतो आणि साखरही भरपूर भरतो. तोपर्यंत उत्तर भारतात लवकरचा वाण म्हणजे कमी टन आणि उशिराचा वाण म्हणजे कमी साखर, हे समीकरण पक्के होते. या वाणाने ते मोडले. उत्तर प्रदेशाचा सरासरी साखर उतारा सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास होता, तो काही वर्षांत साडेअकरा टक्क्यांच्या जवळ पोहोचला. हेक्टरी उत्पादनही ठळकपणे वाढले. या कामासाठी डॉ. बक्षी राम यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती यथायोग्य होती.

पुढे २०२० च्या सुमारास राज्यातील ऊसक्षेत्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भागावर हा एकच वाण उभा होता. ऊस हे कांडीपासून वाढणारे पीक असल्याने एका वाणाचा प्रत्येक ठोंब हा मूळ रोपाची आनुवंशिक प्रतिकृती असतो. लाखो हेक्टरांवर एकच रोप वाढत होते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. कोलेटोट्रायकम फाल्कॅटम या बुरशीला एवढे पुरेसे होते. लाल कुज हा रोग घडवणाऱ्या या बुरशीचा सीएफ १३ हा नवा प्रकार या वाणावर तरारला. वरून तिसरे-चौथे पान पिवळे पडते, मग शेंडा वाळतो. कांडी उभी चिरली तर आत लालसर गर, मध्ये पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस, मद्यासारखा वास येतो. खोडात शिरलेल्या बुरशीवर कोणतेही औषध परिणामकारक नाही.

ही घटना अपूर्व नव्हती, हेच अधिक खेदाचे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस को २१३ हा वाण पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये याच रोगाने कोलमडला होता. त्यानंतरही को ११४८, को-जे ६४ असे वाण आले, पसरले आणि मागे पडले. प्रत्येक पिढीने आपल्या वाणाला अपवाद मानले.

खेरीत या रोगाला पुराची जोड मिळते. बुरशीचा प्रसार मुख्यतः रोगट बेण्यातून होतो. पण पाऊस आणि शेतातून शेतात वाहणारे पाणी तिचे बीजाणू पुढे नेते. उंचवट्यावरच्या शेतात रोगट ठोंब उपटून, खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाकून साथ आवरता येते. शारदेच्या खोलगट पट्ट्यात वरच्या शेताचे पाणी खालच्या दहा शेतांतून जाते. एका शेतकऱ्याने घेतलेली काळजी शेजाऱ्याच्या निष्काळजीपणापुढे टिकत नाही.

शेंड्याची अळी आणि ऊसातला वाघ

रोगाची चर्चा पुष्कळ झाली. शेंडे पोखरणाऱ्या अळीची त्या मानाने कमी. स्किर्पोफॅगा एक्सर्प्टॅलिस हा दुधाळ पांढरा पतंग. मादीच्या पोटाच्या टोकाला नारिंगी केसांचा झुपका असतो. ती पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्याने अंडी घालते आणि ती केसांनी झाकते. अळी पानाच्या मध्यशिरेतून पोंग्यात उतरते. पान उलगडले की त्यावर छर्ऱ्याने पाडल्यासारखी छिद्रांची ओळ दिसते. वर्षात पाच पिढ्या होतात. पहिल्या दोन पिढ्यांत नुकसान झालेला ऊस नव्या फुटव्यांनी भरून काढतो. जून-जुलैमधील तिसरी पिढी वाढबिंदूच खाते, ऊसाची उंची थांबते आणि डोळ्यांतून पांगशा फुटतात. को ०२३८ या किडीला चांगलाच बळी पडतो.

तिसऱ्या पिढीविरुद्ध एप्रिलअखेर ते मे महिन्यात क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी हेक्टरी ३७५ मिलि मुळांशी आळवणी करून लगेच पाणी देण्याची शिफारस आहे. औषध प्रभावी आहे आणि म्हणूनच चिंता आहे. एका वाणावर, एकाच आठवड्यात, एकाच रसायनाचा वापर लाखो हेक्टरांवर वर्षानुवर्षे होत राहिला, तर किडीत प्रतिकारक्षमता निर्माण होण्यास याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. अंडीपुंज हाताने गोळा करणे, प्रकाश सापळे, ट्रायकोग्रामा जॅपोनिकमची कार्डे, आयसोटिमा या परोपजीवी गांधीलमाशीचे संवर्धन हे उपाय पुस्तकात आहेत आणि ते चालतात. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २००२ मध्ये सांगली भागात लोकरी मावा उसळला, तेव्हा फवारण्यांनी जे साधले नाही ते डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी साधले. उत्तर भारतातही पायरिला हा रस शोषणारा किडा एपिरिकॅनिया या परोपजीवीमुळे वारंवार आटोक्यात आला आहे.

हे सारे उपाय एका गोष्टीवर उभे आहेत: कोणीतरी दर आठवड्याला शेतात शिरून पाहणे. खेरीच्या उत्तर भागात नेमके हेच कठीण आहे. २०२२ च्या गणनेत दुधवा व्याघ्र प्रकल्पात १३५ वाघांचा अंदाज आला. जंगलाच्या कडेला भिडलेला ऊस वाघाच्या दृष्टीने उंच गवताचाच विस्तार असतो: सावली, पाणी, रानडुक्कर, आणि तोडणीपर्यंत कोणाचा त्रास नाही. वाघीण तेथे पिल्लेही घालते. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील वाचकांना बिबट्याच्या निमित्ताने हे चित्र परिचित आहे. येथे प्राणी तिप्पट वजनाचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात ऊस डोक्यावर जातो, तिसऱ्या-चौथ्या पिढीची अळी आणि लाल कुजीची पहिली लक्षणे याच काळात शोधायची असतात, आणि याच काळात माणूस शेतात एकटा जाण्यास धजत नाही. कीड नियंत्रणाच्या शिफारशींत या भीतीला कोठेच रकाना नाही. बांधावरून टाकता येणारे औषध मग आपोआप पहिली पसंती ठरते.

हद्दीपलीकडे

नेपाळशी सीमा खुली आहे. पलियासारख्या बाजारपेठांचा मोठा आधार पलीकडचे ग्राहक आहेत, हे २०२० मध्ये महासाथीत सीमा बंद झाली तेव्हा दुकानदारांना नीट कळले. भारतात अनुदानामुळे ४५ किलो युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते; पलीकडे तुटवडा असला की ते सायकलीवरून जाते, आणि त्याला आळा घालण्यासाठी विक्रीवर निर्बंध आले की झळ सीमेवरच्या प्रामाणिक शेतकऱ्यालाही बसते.

कीटकांना अर्थातच कागदपत्रे लागत नाहीत. २०२० च्या जूनअखेरीस उत्तर प्रदेश ओलांडून टोळधाड नेपाळमध्ये शिरली. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली आणि २०१९ मध्ये नेपाळमध्ये. कैलाली आणि कांचनपूर या लगतच्या नेपाळी जिल्ह्यांतही ऊस आहे. मोहानेच्या एका काठावरचा पतंग दुसऱ्या काठावर अंडी घालू शकतो. दोन काठांवरची निरीक्षणे मात्र दोन देशांच्या दोन यंत्रणांत, दोन पद्धतींनी नोंदली जातात.

बदलाचा वेग

पर्याय आहेत. को ०११८, को १५०२३, शाहजहानपूरचा को-एस १३२३५, लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेचा को-एल-के १४२०१ हे वाण पुढे येत आहेत. अडचण अंकगणिताची आहे. पारंपरिक पद्धतीने एक हेक्टर बेण्यातून पुढच्या वर्षी सुमारे दहा हेक्टर लागण होते. म्हणजे दहा हेक्टर शुद्ध बेण्यापासून एक लाख हेक्टरपर्यंत जायला चार हंगाम, तेही वाटेत एकही चूक न होता. घाईत ‘नवे वाण’ म्हणून रोगट किंवा मिसळलेले बेणे विकले जाते ते याच पोकळीत. एक डोळ्याची रोपे तयार केली तर हा वेग वाढतो; राज्याच्या ऊस विभागाने महिला बचतगटांना या कामात आणले आहे. खेरीतल्या स्त्रियांना घरालगत मिळणारे हे रोजगाराचे साधन आहे, आणि रोपवाटिकेत रोगट कांडी ओळखून बाजूला काढण्याचे काम त्यांच्याच हाताने होते. या प्रशिक्षणावर होणारा खर्च कीटकनाशकांवरील खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे.

काही शेतकऱ्यांनी ऊस सोडून केळी धरली आहे. उतिसंवर्धित ग्रँड नैन हा जळगावला परिचित असलेला वाण तराईतही चांगला येतो. परंतु तोही एकच वाण, प्रतिकृतींच्या स्वरूपात वाढवलेला. आणि मर रोगाचा टीआर ४ हा उग्र प्रकार अयोध्या भागात व बिहारमध्ये आढळून आला आहे. एका वाणाच्या जोखमीतून सुटण्यासाठी दुसऱ्या एका वाणाची जोखीम पत्करणे, एवढाच याचा अर्थ होऊ नये. त्यापेक्षा रोगग्रस्त शेतात खोडवा न ठेवता एक हंगाम भात घेणे अधिक व्यवहार्य आहे. पाणी साचलेल्या जमिनीत बुरशीचे अवशेष कुजून जातात आणि खेरीला भात नवा नाही.

तरीही भाताला पर्ची नसते. उसाचे पैसे १४ दिवसांत देण्याची तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि विलंबाला १५ टक्के व्याजही आहे. प्रत्यक्षात अनेक हंगामांत देणी महिनोन्‌महिने थकली. असे असूनही शेतकरी उसालाच चिकटून राहतो, कारण उशिरा का होईना, त्या पैशाची कारखान्याच्या वहीत नोंद असते. भात खरेदी केंद्राबाहेर हमीभावाच्या खाली विकावा लागण्याची भीती त्याच्या अनुभवातून आलेली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागणीचा ऊस कारखान्याला गेल्यावर त्या बुडख्यातून खोडवा ठेवायचा की नांगर घालायचा, हे त्याला ठरवायचे असते. बेण्याचा आणि लागणीचा खर्च वाचवणारा खोडवा समोर फुटत असतो, आणि त्यातील कोणत्या बुडख्यात बुरशी दडली आहे हे जुलैच्या पावसापर्यंत वरून दिसत नाही.